घराचें छप्पर आणि विजेचें बिल



आज ज्या विषयावर मला आपल्याशीं चार शब्द बोलावयाचे आहेत, तो दिसण्यांत अगदींच घरगुती आहे. घर थंड कसें राहील, आणि तें थंड राखण्यास वीज कमी कशी लागेल, एवढाच काय तो प्रश्न. मी इंजिनिअर नव्हे. जुन्या अकरावीपर्यंत शिकलों आणि पुढें छत्तीस वर्षें मुलांना गणित व विज्ञान शिकविलें. उष्णता एका जागेहून दुसऱ्या जागीं वहन, अभिसरण आणि प्रारण अशा तीन मार्गांनीं जाते, हें वाक्य मीं फळ्यावर किती वेळां लिहिलें असेल याची गणती नाहीं. परंतु तें वाक्य माझ्याच डोक्यावरील स्लॅबला लागू आहे, हें मला निवृत्त झाल्यावर, आणि तेंहि एका वाईट रात्रीं कळलें.

सन २०२४ च्या एप्रिल महिन्यांतील ती गोष्ट. पुण्याचा पारा चाळिसाच्या पुढें गेला होता. आमचें बिऱ्हाड चौथ्या, म्हणजे अगदीं वरच्या मजल्यावर आहे. माझी थोरली बहीण, जिला आम्ही सर्व अक्का म्हणतों, ती त्या वेळीं अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. रात्रीं दहाच्या सुमारास ती पाणी पिण्यास म्हणून उठली, ती पलंगाशींच खालीं बसली. हांक मारली तर ओ देईना. अंगाला हात लावावा तर चटका बसावा, आणि घाम मात्र टिपूसभर नाहीं. ओली चादर गुंडाळून आम्ही तिला रुग्णालयांत नेलें. डॉक्टरांनीं तपासून सांगितलें कीं, हा उष्माघात आहे, आणखी उशीर झाला असता तर कठीण होतें. ईश्वरकृपेनें तीन दिवसांनीं ती घरीं आली.

“पण डॉक्टर, ती दिवसभर घराबाहेर पडलीच नव्हती,” असें मी म्हणालों. त्यावर ते म्हणाले, “मास्तर, ऊन घरांत आलें होतें.”

हें उत्तर माझ्या मनांतून जाईना. रात्रीचे दहा म्हणजे सूर्य मावळून तीन तास झालेले. गॅलरींत उभें राहिलें तर चांगला वारा अंगाला लागत होता. मग खोलींत ही आग कोठून आली? दुसऱ्या रात्रीं मीं स्टूल ओढलें, त्यावर चढलों आणि छताला तळहात टेकला. तव्यावरून उतरून थोडा वेळ झालेल्या भाकरीसारखें तें छत ऊन होतें. साऱ्या खोलीवर जणूं अशी एक भाकर उलटी धरून ठेवलेली होती, आणि तिच्याखालीं एका म्हाताऱ्या बाईनें झोपावें अशी आमची अपेक्षा होती!

आतां याचा हिशेब पाहूं. उन्हाळ्यांत भर दुपारीं निरभ्र आकाशांतून प्रत्येक चौरस मीटर जागेवर सुमारें एक हजार वॅट इतक्या शक्तीचें ऊन उतरतें. आपल्या घरांतील इस्त्री साधारण तेवढ्याच शक्तीची असते. अक्काची खोली दहा फूट बाय बारा फूट, म्हणजे अकरा चौरस मीटर. तेव्हां तिच्या छतावर दुपारभर अकरा इस्त्र्या चालू ठेवल्या आहेत असें समजावें. यांपैकीं कांहीं ऊन परत फेंकलें जातें. परंतु आपल्या गच्च्यांचें सिमेंट राखी रंगाचें, त्यावर पावसाळ्यांतील शेवाळ वाळून काळें झालेलें, त्यामुळें दोन तृतीयांशाहून अधिक ऊन तेथेंच मुरतें. गच्ची साठ अंशांपर्यंत तापते. अनवाणी पाय टेकवत नाहीं, हा अनुभव पापड वाळत घालणाऱ्या प्रत्येक गृहिणीस आहे. मुरलेल्या उष्णतेचा मोठा भाग वाऱ्याबरोबर वरच्यावर निघून जातो हें खरें. पण उरलेला हळूहळू खालीं उतरूं लागतो. चार-पांच इंचांचा स्लॅब पार करावयास त्याला तीन-चार तास लागतात. म्हणजे दुपारीं एकचें ऊन छताच्या आंतल्या बाजूस चार-पांच वाजतां पोहोंचतें, आणि तापलेला तो धोंडा निवावयास पुढें मध्यरात्र होते. रेल्वेची मालगाडी जशी उशिरां येते पण सगळे डबे घेऊन येते, तसेंच हें आहे.

यावर कोणी म्हणेल, पंखा लावावा. पंखा हवा थंड करीत नाहीं, तो ती हलवितो. हवा हलली कीं घाम लवकर उडतो आणि घाम उडतांना अंगांतील उष्णता घेऊन जातो; पंख्याचें सारें सुख एवढ्यांतच आहे. ज्याला घामच येत नाहीं त्या वृद्ध माणसास पंख्याचा उपयोग थोडा. हवाच चाळीस अंशांच्या पुढें गेली तर पंखा उलट तापलेली हवा अंगावर आणून सोडतो. अशा वेळीं अंग ओल्या फडक्यानें पुसून मग पंख्याखालीं बसवावें, म्हणजे घामाचें काम पाणी करतें. शिवाय छत तापलें असलें म्हणजे तें प्रारणानें, शेकोटी जशी दुरून शेकते तसें, सरळ अंगाला शेकतें; त्या शेकास पंखा अडवूं शकत नाहीं. भिंतीवरील उष्णतामापक एक सांगतो आणि अंगाला दुसरेंच जाणवतें, त्याचें कारण हें.

आपल्या जुन्या वाड्यांची मला या वेळीं आठवण झाली. दीड-दोन फुटांच्या भिंती, कौलांखालीं पोटमाळा, मधोमध चौक. खानदेश-मराठवाड्यांत तर मातीचें जाड धाबें. अशा भिंतीस तापावयासच सारा दिवस लागे, आणि ती आंतून तापते न तापते तों रात्र होई. पोटमाळ्यांतील कोंडलेली हवा उन्हाला तेथेंच थोपवी. परंतु वाड्यांचें कौतुक करणारांनीं तेथील अंधार, धूर आणि ढेकूणहि विसरूं नयेत. माझें बालपण तेथेंच गेलें आहे. आपण वाडे पाडले याचें मला फारसें दुःख नाहीं. त्यांच्या जागीं चार इंचांचा उघडा स्लॅब घालून त्याखालीं माणसें ठेविलीं, याचें मात्र आहे. केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोनें २०१८ सालीं राहत्या घरांसाठीं ‘ईको निवास संहिता’ काढली. तींत छतांतून एका अंशाच्या फरकास दर चौरस मीटरमागें १.२ वॅटपेक्षां अधिक उष्णता जाऊं नये असें म्हटलें आहे. उघड्या स्लॅबांतून याच्या दुपटीहून अधिक जाते.

असो. घरीं काय झालें तें सांगतों. माझ्या मुलानें त्याच आठवड्यांत ए. सी. आणण्याचें ठरविलें. मी म्हणालों, आधीं गच्चीला चुना देऊं. तो चिडला. “बाबा, तुमचें फळ्यावरचें विज्ञान राहूं द्या. आत्याला पुन्हा तसें झालें तर?” या प्रश्नास माझ्याजवळ उत्तर नव्हतें, आणि खरें सांगावयाचें तर आजहि नाहीं. ए. सी. घ्यावयाचाच, परंतु चुना देऊन झाल्यावर केवढा लागतो तें पाहून घ्यावयाचा, अशी तडजोड झाली. तोंवर अक्काला खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांनीं आपल्या घरीं निजावयास नेलें.

येथें ‘टन’ या शब्दाविषयीं थोडें सांगतों, कारण दुकानांत तो सर्रास ऐकूं येतो आणि अर्थ क्वचितच कोणी सांगतो. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळतांना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता बाहेर काढण्याची शक्ति म्हणजे एक टन. वॅटांत सुमारें साडेतीन हजार. बर्फानें हवा थंड करीत तेव्हांचें हें माप आहे. १८३३ सालीं अमेरिकेंतील बोस्टनहून जहाजांत भरून बर्फ कलकत्त्यास आला होता, इतकी त्या काळीं त्याची मातब्बरी! पुढें १९०२ सालीं विलिस कॅरियर यानें न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांतील एका छापखान्यासाठीं हवा ताब्यांत ठेवणारें यंत्र योजिलें, तें माणसांसाठीं नव्हे तर दमट हवेनें कागद बिघडूं नये म्हणून. आमच्या अक्काच्या खोलीस दुकानदारानें दीड टन सांगितला होता, कां, तर ‘वरचा मजला आहे’. माझ्या हिशेबानें ऐन उन्हांत नुसत्या छतांतूनच हजार वॅटच्या आसपास उष्णता खोलींत उतरत होती. म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश टन यंत्र केवळ त्या स्लॅबाशीं झगडण्यासाठीं विकत घ्यावयाचें आणि रोज विजेनें पोसावयाचें.

चुना देण्याची रीत सोपी आहे. तरी दोन गोष्टींस जपावें. कळीचा चुना आदल्या दिवशीं लोखंडी पिंपांत भिजत घालावा. पाण्यांत चुना टाकावा. चुन्यावर पाणी ओतूं नये, कारण कळी फुटतांना उकळी येते आणि शिंतोडा डोळ्यांत गेला तर डोळा जाण्याची भीति असते. चष्मा व हातमोजे घालूनच हें काम करावें आणि मुलांना दूर ठेवावें. दुसऱ्या दिवशीं तो गाळून दाट ताकासारखा करावा व त्यांत थोडा गोंद मिसळावा. पूर्वीं सरस किंवा डिंक घालीत. आतां सुताराचा पांढरा गोंद चालतो. गच्ची खरवडून, झाडून, पाणी मारून ओली करावी आणि संध्याकाळच्या वेळीं कुंच्यानें एक हात आडवा व तो वाळल्यावर दुसरा हात उभा द्यावा. ताजा पांढरा चुना अंगावर पडलेल्या उन्हापैकीं सत्तर टक्क्यांच्या वर ऊन परत फेंकतो. गच्ची गळत असेल तर मात्र आधीं गळती काढावी. चुना गळती थांबवीत नाहीं.

आमच्या इमारतींत यावरून लहानसें युद्ध झालें. शेजारच्या उंच इमारतींतील मंडळींनीं तक्रार केली कीं, पांढऱ्या गच्चीची तिरीप आमच्या डोळ्यांवर येते. तक्रार खोटी नव्हती. शेवटीं त्यांच्या बाजूचा सहा हात पट्टा आम्ही तसाच सोडला. आमच्याच सोसायटींतील एक गृहस्थ म्हणाले, खालच्या मजल्यांस कांहीं फायदा नाहीं, मग खर्च सर्वांनीं कां करावा? तेंहि बरोबर होतें. खर्च मीं केला.

परिणाम असा झाला. माझी नात सहावींत होती; तिच्या हातीं मीं उष्णतामापक व वही दिली. पूर्वीं रात्रीं नऊ वाजतां त्या खोलींत पारा सदतीसपर्यंत असे; चुन्यानंतर तशाच उन्हाच्या दिवसांत तो चौतीसच्या आसपास राहिला. तीन अंश ऐकावयास थोडे वाटतात. परंतु छताला हात लावल्यावर तें आतां कोंबटहि लागत नव्हतें, आणि ती शेकोटी विझली हाच खरा लाभ होता. मुलगा कांहीं बोलला नाहीं. दीडाऐवजीं एक टनाचा ए. सी. आणला, एवढेंच.

अशीं कामें मोठ्या प्रमाणावरहि झालीं आहेत. अहमदाबादेंत मे २०१० च्या उन्हाच्या लाटेंत शेंकडों माणसें दगावलीं, त्यानंतर २०१३ सालीं त्या शहरानें उष्णतेपासून बचावाची योजना आंखली, आणि २०१७ पासून गरीब वस्त्यांतील छपरें पांढरीं करण्याचा उपक्रम हातीं घेतला. तेलंगण राज्यानें २०२३ सालीं थंड छपरांचें स्वतंत्र धोरणच जाहीर केलें. पत्र्याखालीं राहणाऱ्या माणसास या उपायाची गरज आपल्यापेक्षां कितीतरी अधिक आहे, कारण पत्रा स्लॅबासारखा तीन तास थांबत नाहीं.

चुन्याचे दोषहि सांगितले पाहिजेत. पुण्याचा पाऊस तो धुवून नेतो, धूळ बसून तो मळतो, आणि दर वर्षीं फाल्गुनांत पुन्हा कुंचा हातीं घ्यावा लागतो. ज्यांना हें नको त्यांनीं पांढऱ्या फुटक्या लाद्यांची फरशी करून घ्यावी. ती महाग, पण पुष्कळ वर्षें टिकते. ज्यांच्या गच्चीवर सूर्यशक्तीच्या पाट्या बसतात त्यांना सावली आपोआप मिळते. एक किलोवॅटच्या पाट्यांपासून रोज सरासरी चार युनिटें वीज निघते, आणि २०२४ सालीं सुरू झालेल्या सूर्यघर योजनेंत तीन किलोवॅटला ७८,००० रुपयांपर्यंत सरकारी साहाय्य ठरविण्यांत आलें. मात्र सोसायटींत गच्ची सर्वांची असते, आणि तेथें वीज येण्यापूर्वीं सभा येते.

छपरानंतर पश्चिमेची भिंत. मुलांना मी दर वर्षीं अंगणांत काठी उभी करून सावली मोजावयास लावीत असें. पुण्यास मे महिन्याच्या तेराव्या-चौदाव्या तारखेच्या सुमारास आणि पुन्हा जुलैअखेर दुपारीं काठीची सावली नाहींशी होते. मधल्या काळांत सूर्य डोक्याच्याहि किंचित् उत्तरेस असतो. म्हणून ऐन उन्हाळ्यांत दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळजवळ येतच नाहीं, आणि तेथल्या खिडकीस फूट-दीड फुटाचा छज्जा पुरे होतो. पश्चिमेचें तसें नाहीं. तीन वाजल्यापासून सूर्य तिरपा होऊन छज्जाखालून सरळ आंत घुसतो. लोक अशा खिडकीस आंतून जाड पडदा लावतात. परंतु ऊन कांचेच्या आंत आलें म्हणजे घरांत आलेंच. पडदा तापतो आणि खोलीस तापवितो. बांबूच्या काड्यांचा पडदा खिडकीच्या बाहेरून सोडावा, निदान गॅलरीच्या कठड्यावर एखादी वेल चढवावी.

खिडक्या केव्हां उघडाव्या, याचें उत्तर गांवोगांव निराळें आहे. पुण्यास एप्रिलांत दिवस तापतो पण रात्र उतरते. म्हणून सकाळीं नऊला खिडक्या लावून घ्याव्या व सूर्य मावळल्यावर सताड उघडाव्या, जाळी लावून. मुंबईत आणि कोंकणांत हा नियम चालणार नाहीं. तेथें हवेंत आधींच ओल असल्यामुळें घाम वाळत नाहीं, तेव्हां वारा आरपार गेलाच पाहिजे. नागपूरकडे कोरडी झळ असते, तेथें वाळ्याच्या ताट्या आणि कूलर यांना तोड नाहीं. एक लिटर पाणी वाफ होऊन उडतांना जी उष्णता घेऊन जातें, ती मोजली तर विजेच्या युनिटाचा दोन तृतीयांश भाग भरेल. हाच कूलर मुंबईस नेला तर खोलीची फक्त मोरी होईल.

आतां विजेच्या बिलाकडे वळूं. ए. सी. अक्काच्या खोलींत रात्रीं सात तास चालतो, तो सव्वीस अंशांवर, आणि जोडीस पंखा अगदीं मंद. नव्या यंत्रांचा कांटा मुळांत चोवीसवर लावलेला असावा असा नियम १ जानेवारी २०२० पासून आहे. तरी लोक तो अठरावर नेतात आणि रग पांघरून निजतात. आमचीं रात्रीस पांचच्या आसपास युनिटें जळतात. हीं युनिटें कोठें तरी तयार व्हावीं लागतात. महाराष्ट्राची पुष्कळशी वीज कोराडी, चंद्रपूर अशा ठिकाणीं कोळसा जाळून होते. कोळशांतील उष्णतेचा साधारण तिसरा हिस्साच वीज होऊन बाहेर पडतो, आणि आपल्या देशांत सरासरीनें एका युनिटामागें सातशें ग्रॅमच्या आसपास कर्बवायु आकाशांत जातो. त्यानें पुढला उन्हाळा कांहीं थंड होत नाहीं.

यासाठींच विजेनें पाणी तापविणें मला सर्वांत अविचारी वाटतें. उष्णतेपासून एक तृतीयांश वीज करावयाची आणि त्या विजेची पुन्हा उष्णता! वीस लिटरांची बादली पंचवीस अंश तापवावयास ०.५८ युनिट लागतें. चार माणसांच्या चार बादल्या म्हणजे रोज सव्वादोन युनिटांच्या वर. गच्चीवरचा सौर बंब पावसाळा सोडल्यास हें काम फुकट करतो.

पंख्यांची गोष्ट लोकांच्या लक्षांत येत नाहीं, कारण एक पंखा फार खात नाहीं. परंतु तो सोळा-सोळा तास फिरतो. जुना पंखा पंचाहत्तर वॅटचा धरला तर दिवसास १.२ युनिट, बी.एल.डी.सी. म्हणून जे नवे पंखे मिळतात ते तीस वॅटांत तेवढाच वारा देतात, त्यांचें दिवसास ०.४८. एका पंख्यामागें महिन्यास एकवीस युनिटांहून अधिक वांचतात. चार पंख्यांचीं शहाऐंशींच्या घरांत होतील. आपल्याकडे शंभर, तीनशें, पांचशें अशा पायऱ्यांनीं विजेचा दर चढतो, म्हणून वांचणारें युनिट हें नेहमीं वरच्या पायरीवरचें, म्हणजे सर्वांत महाग असतें. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर ताऱ्यांची चिठ्ठी सक्तीची झाली आहे, ती पाहून घ्यावें. दिव्यांविषयीं बोलत नाहीं. साठ वॅटचा पिंवळा दिवा आतां बहुतेक घरांतून गेलाच आहे. टेलिव्हिजनखालचा डबा मात्र पाहावा. तो दहा वॅटच्या आसपास वीज खात रात्रंदिवस जागा असतो, आणि वर्षाकांठीं सत्त्याऐंशी युनिटें फस्त करतो. भिंतीवरचें बटण बंद करावयास आमच्या घरांत अजूनहि मलाच उठावें लागतें.

यंदा होळीच्या आधींच मीं गच्चीचा दुसरा हात संपविला. गुडघे आतां पूर्वींसारखे वळत नाहींत, म्हणून अर्धी गच्ची मुलानें केली, न सांगतां. अक्का चैत्रांत आली. पहिल्या दिवशीं दुपारीं तिनें स्टूलाकडे बोट दाखवून मला वर चढावयास लाविलें आणि छताला हात लावून कसें लागतें तें सांग म्हणाली. मीं सांगितलें. मग तिनें आपली चटई त्या खोलींत अंथरली.